टेबलावर राहिलेले नाणे

मी, खाली सही करणार असलेली, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, चष्म्याच्या दुकानात अडतीस वर्षे काचा बसवून निवृत्त झालेली, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले, मी दोनपर्यंत आले, तेव्हा तेच कंटाळून म्हणाले, "पुरे आता, बाई." कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरे माणूस लागते, ते नाही.

यापूर्वी जुन्या पाकिटांच्या पाठीवर मी जे काही लिहून ठेवले असेल ते रागाच्या भरात लिहिलेले आहे. ते रद्द समजावे.

१. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्याव्यात. तिला शेवटचे पाहिले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता ती चौतीस वर्षांची असेल. तिच्या माहितीसाठी: पुढच्या खोलीची खिडकी उघडताना थोडी वर उचलावी लागते. स्वयंपाकघराचा डावा कोपरा ओल धरतो. त्याला रंग देऊन उपयोग नाही, मी चारदा देऊन पाहिला.

२. बँकेतल्या ठेवीतून मला निरोप देण्याचा खर्च भागवावा आणि उरलेली रक्कम सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागाला द्यावी. ज्यांना चष्मा परवडत नाही त्यांना तो द्यावा, पण फ्रेम धड द्यावी. फुकटचा चष्मा लांबून ओळखू येतो आणि तो घालणाऱ्यालाही ते माहीत असते.

३. माझे बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे आणि पितळी कडीचे भिंग दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षे बसलेल्या बाईंना द्यावे. त्या काम करताना एकच ओळ गुणगुणत. पुढची ओळ कधी आलीच नाही. वीस वर्षे मी दात-ओठ खात होते. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तीच ओळ मी स्वतः गुणगुणत असल्याचे माझ्या लक्षात आले. घरात तेवढाच आवाज होता.

४. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले भिंतीवरचे घड्याळ दुकानाच्या मालकांना परत करावे. ते बंद आहे. दिले तेव्हाही बंदच होते.

५. इस्त्री समोरच्या खोलीतल्या शिवणवालीला द्यायची होती. पण वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात ज्याला काही द्यायचं, त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार व्हायचं तर त्याच्या नावावर काही नको." शिवणवाली माझी पहिली साक्षीदार आहे. म्हणून इस्त्री मी कालच तिला नेऊन दिली. हाताने दिलेले कागदात येत नाही. ती म्हणाली, "अहो, आणि तुमचे कपडे?" मी म्हटले, "आता मला बघायला येतंय कोण?" माझेच बोलणे मला लागले.

६. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

बाबा बसमध्ये कंडक्टर होते. सुट्ट्या पैशांत एखादे वेगळे नाणे आले की ते पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकत आणि तेवढ्याच किमतीचे आपल्या खिशातले नाणे पिशवीत घालत. घरी आल्यावर आधी हात धुवत, मग तो कप्पा उघडत. त्यांनी लाकडी फळ्यांना गोल खोबणी पाडून घेतल्या होत्या. प्रत्येक खोबणीखाली शाईने वर्ष लिहिलेले. एकाच प्रकारचे नाणे, पण प्रत्येक वर्षाचे एक, अशी त्यांची हौस. दादा वर्ष वाचून दाखवी, मी भिंगातून पडताळून पाही. नाणे नेहमी कडेने धरायचे, बोट तोंडावर उमटू द्यायचे नाही, हे आम्ही अक्षर ओळखायच्या आधी शिकलो. दादा मला टाचणी म्हणायचा, कारण मी चूक काढल्याशिवाय राहत नसे.

बाबा जाताना म्हणाले, "दोघांनी सारखं वाटून घ्या. भांडू नका." आम्ही पहिले वाक्य पाळले.

शहाण्या माणसांनी अर्ध्या फळ्या याला, अर्ध्या त्याला केल्या असत्या. पण चांगली नाणी दुसऱ्याकडे जातील ही धास्ती दोघांनाही होती. म्हणून आम्ही याच टेबलावर बसून नाणेफेक केली, दादा जिंकला, आणि मग एक तुला, एक मला, असे प्रत्येक फळीवरचे एकाआड एक वर्ष उचलत गेलो. दुपारपर्यंत बाबांची चाळीस वर्षे दोघांत सारखी वाटली गेली आणि एकही मालिका पुरी राहिली नाही. फळ्या माझ्याकडे राहिल्या, तो आपली नाणी रुमालात बांधू लागला.

उरले ते नाणेफेकीचे नाणे. ते कोणाच्याच वाटणीत धरले नव्हते.

"हे माझं," तो म्हणाला. "मी जिंकलोय."

मी म्हटले, "बाबा सात महिने अंथरुणावर होते. त्यात तू किती वेळा आलास ते सांग आणि घेऊन जा."

त्याची नोकरी लांबच्या गावी होती, त्याला रजा मिळत नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असून बोलले. तो उठला. "टाचणे, तू मोजतच बसली होतीस का गं?" एवढेच म्हणाला आणि नाणे टेबलावर ठेवून गेला. त्याला सव्वीस वर्षे झाली. पाच वर्षांपूर्वी तो याच गावात राहायला आल्याचे मला तिसऱ्याकडून कळले. पहिली काही वर्षे राग होता. नंतर राग गेला आणि न बोलण्याची सवय राहिली. मला त्याची फार आठवण येते. या वाक्याची कायद्याला गरज नाही असे वकीलबाई म्हणाल्या. तरी ते ठेवावे.

गेल्या महिन्यात किंमत करून घ्यायला फळ्या घेऊन जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. नाणेवाले चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिले.

"बाई, मधली वर्षं कुठायत?"

"दुसरीकडे आहेत."

"माझ्याकडे घ्या की. चहाच्या किमतीत देतो."

"नको. ती आहेत."

ते हसायलाच लागले. म्हणाले, "मागच्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले होते. फळ्या नव्या, पण खोबणी सगळ्या वर्षांच्या पाडलेल्या, खाली सगळी वर्षं लिहिलेली. एकाआड एक रिकामी. त्यांनाही मी हेच म्हटलं, तर तेही म्हणाले, नको, ती आहेत. तुम्हा दोघांना झालंय तरी काय?"

मी फळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि घरी आले. जिन्यात दोनदा बसावे लागले. त्याने माझ्या नाण्यांसाठी जागा करून ठेवली होती.

तरी माझ्या वाटणीची सर्व नाणी, फळ्यांसह, भाचीला द्यावीत. तिच्या वडिलांकडची नाणी तिला मिळतील तेव्हा तिने ती याच फळ्यांवर वर्षाच्या क्रमाने बसवावीत. पुसू नयेत. विकायची झाल्यास सगळी एकत्र विकावीत. वाटू नयेत.

७. दुसरा साक्षीदार म्हणून मी दादाला बोलावले आहे. म्हणून या कागदात त्याच्या नावे काहीही नाही, एक नाणेसुद्धा नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "दोन साक्षीदारांशिवाय हा कागद चालणार नाही. तसं झालं तर तुमचं सगळं आपोआप भावाकडेच जाईल. म्हणजे ते आले तर त्यांना काही नाही आणि नाही आले तर सगळं. मग ते का येतील?"

मी म्हटले, "तेच बघायचंय."

फसवून बोलावलेले नाही. पत्रात हे सारे जसेच्या तसे लिहिले आहे. रविवारी सकाळी दहा वाजता, दहा मिनिटांचे काम, दुसरा मजला, जिन्याला कठडा आहे, असेही लिहिले. साक्षीदारांसमोर सही करायची असल्याने मी अजून सही केलेली नाही. नाणे टेबलावर, त्याने ठेवले होते तिथेच आहे. सव्वीस वर्षे मी त्याच्या कडेकडेने टेबल पुसत आले आहे. तो आला तर ते त्याच्या हातात देईन. हाताने दिलेले कागदात येत नाही.

ठिकाण: माझे राहते घर, पुढची खोली.

दिनांक: ३, रविवार (खोडले). १०, रविवार (खोडले). १७, रविवार (खोडले). २४, रविवार.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिली: समोरच्या खोलीतली शिवणवाली. सही. चारही रविवारी दहा वाजता हजर होते.

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा थोरला भाऊ. सही. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. वर तारखेत तीन ठिकाणी खाडाखोड आहे, ती तिच्याच हातची आहे, मी पाहिली. तिन्ही वेळा मी खालपर्यंत येऊन परत गेलो होतो. नाणं तिने दिलं, पण मी नेलेलं नाही. ते टेबलावरच राहू दे, पुढच्या रविवारी यायला काहीतरी कारण लागेल.