दर्ग्याचं निळं अंडं

नळदुर्ग, बुधवार संध्याकाळ, १९४८

शेजारच्या, दर्ग्याची दिवाबत्ती बघणाऱ्या म्हाताऱ्या अमिनाबी आज गुलबर्ग्याहून परतल्या. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गाव सोडताना, दर्ग्यातल्या दिव्याच्या साखळीत शोभेला ओवलेलं चिनीमातीचं निळं अंडं त्यांनी माझ्याकडं ठेवलं होतं.

“गुरुजी, आमची अमानत?”

“फुटलं,” मी म्हणालो.

का म्हणालो? ज्वारीच्या कणगीतून काढून रोज बघायचो ते. तो निळा रंग सोडवेना, एवढंच.

वाटलं, रडतील, बोल लावतील. त्या वाकून माझ्या हातांकडं बघत म्हणाल्या, “लई धार असती तुकड्यांना. तुमाला लागलं तर न्हाय ना?”

तेव्हापासून घरात बसवत नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. आता अंडं उपरण्यात गुंडाळलंय. दिवेलागणीआधी जातोच. काय सांगायचं, ते मात्र अजून सुचत नाही.