कडी कुणी लावायची

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून त्या सायकलवाल्या काकांच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. साथीत सीमा बंद झाल्या तेव्हा तुझा इलाज नव्हता. पण आता रस्ते उघडलेत, तू घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर येऊन बसला आहेस, आणि रोज नवं काहीतरी मोडतंय. कधी साखळी, कधी टायर, कधी तुझा गुडघा. इतके देश फिरताना मोडली नाही ती सायकल आताच बरी मोडते रे!

मी थकले. दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या, घरी आलं की बाबा. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, शेवटी घरात येईल त्याने कडी लावायची. तू बाहेर आहेस म्हणून बाबा कडीला हात लावू देत नाहीत. मी आईची शिवणाची खुर्ची दाराला टेकवून झोपते. झोपते कसली, एक कान दाराशीच असतो.

नव्या गावच्या नोकरीवर एक तारखेला हजर व्हायचंय. दोनदा मुदत मागितली, तिसऱ्यांदा मिळायची नाही. बाबांना असं उघड्या दारात एकटं टाकून जाऊ कशी? तू आलास की मी सुटले.

लोभ आहेच, पण पाय उचल.
तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सायकल ठणठणीत आहे. गुडघाही. काका रोज विचारतात की निघतोस कधी, आणि मी त्यांच्याच गिऱ्हाइकांची पंक्चरं काढत बसतो.

खरं सांगू? मला घरी यायची भीती वाटते. आई गेल्याचं कळलं तेव्हा मी एका परक्या शाळेत, बाकं जोडून झोपत होतो. इथे आहे तोवर ती माझ्यापुरती मशीनवर बसलेली आहे. मी आत शिरलो की मान न वळवता विचारेल, पाय धुतलेस का. एकदा घरी पोचलो की संपलं, ती खुर्ची रिकामी दिसणार. तू सगळं एकटीने निभावलंस आणि मी इथे हे असं लिहितोय. चिडू नकोस असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

तुझा लोभ शिल्लक असेल तर राहू दे.
भिंगरी


१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चिडलेच होते. मग पत्र पुन्हा वाचलं आणि स्वयंपाकघरात बसकण मारून पोटभर रडले. इतके दिवस त्यालाही फुरसत मिळाली नव्हती बघ. खुर्चीचं म्हणशील तर घाबरू नकोस, दार ढकललंस की ती आधी तुझ्या अंगावरच पडेल.

मी अठ्ठावीसला दुपारी निघते. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. शेजारच्या काकू येऊनजाऊन असतील. याहून जास्त माझ्याने होत नाही रे.

रागावले तरी तुझीच,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अठ्ठावीसलाच संध्याकाळी पोचलो. आपली चुकामूक झाली, याची फार हळहळ वाटते. तुझ्यामागे बाबांनीच दाराला टेकवलेली खुर्ची खरंच अंगावर आली. बाबांनी आधी टायर चाचपले, मग माझा चेहरा, आणि म्हणाले की दोघंही झिजलेत.

जेवणं झाल्यावर कडी लावायला गेलो आणि हात तिथेच थांबला. मी कडी लावली तर आई बाहेर राहील, असंच वाटलं गं. वळून बघितलं तर बाबांचीही नजर कडीवरच. तेव्हा कळलं, ते एवढे दिवस नुसती माझीच वाट बघत नव्हते.

ते उठून जवळ आले. माझ्या हातावर हात ठेवून कडी सरकवली. म्हणाले, की ताई तिच्या जागी पोचली, आईही पोचली, राहिला होतास तो तूच. मग खुर्ची उचलून मशीनपाशी ठेवली आणि थोड्याच वेळात घोरायला लागले.

आता तू दोन्ही कान उशीत घालून झोप. येशील तेव्हा फक्त दार वाजव, उघडायला मी आहे.

तुझ्या लोभातला,
भिंगरी