बगळ्यांची रांग आणि माझी बत्तिशी

प्रिय टोलेराव यांस,

बाकावर उजवीकडे बसणाऱ्याला डावीकडे बसणाऱ्याचा एक, आणि बायकोच्या थोरल्या भावाला मेहुण्याचा एक, असे दोन वेगवेगळे नमस्कार. (दोन्ही ठेवून घ्यावेत. एक परत पाठवू नये.)

टण्ण! हा आवाज आधी लिहून टाकतो, कारण हल्ली दिवसातून दोनतीनदा तोच ऐकू येतो. शाळेच्या व्हरांड्यातली पितळी घंटा, तुझ्या हातातला लाकडी टोला, आणि तुझ्या पाठीशी उभा राहून कविता घोकणारा मी. टोला तू मागे घेतलास तो माझ्या पुढच्या दातावर आणि पुढे नेलास तो घंटेवर, आणि हे दोन्ही इतक्या झटक्यात की कानात राहिलेला आवाज घंटेचा की दाताचा, हे मला चौसष्ट वर्षांत ठरवता आलेलं नाही. शाळा मात्र सुटली.

तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र अजून डबीतच असतं असं सूनबाईंकडून कळतं, म्हणून फोनच्या भानगडीत न पडता लिहितो आहे. आम्ही दोघं बरे आहोत. नुसतं 'बरे' म्हणणं खरं तर कृतघ्नपणाचं होईल, कारण गेल्या महिन्याभरात इतक्या माणसांनी इतकं केलं, की आभार मानता मानता माझं तोंड दुखलं. (तोंड दुखण्याची आणखीही कारणं आहेत, ती पुढे येतीलच.)

तुझ्या बहिणीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, हे तुला कळवलं होतं. त्यापुढचं कळवलं नव्हतं. पट्टी सुटली तेव्हा मी समोरच स्टुलावर बसलो होतो. तिने आधी भिंतीकडे पाहिलं आणि रंग द्यायला झालाय म्हणाली. मग पडद्याकडे पाहिलं आणि हा धुतला कधी होता म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मी आनंदाने तोंडभर हसत होतो. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुमचे दात असे कधीपासून?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागाहून समजावलं की मोतीबिंदू डोळ्यापुढे पिवळसर काच धरल्यासारखा असतो, मागे सगळं जग सारखंच पिवळं दिसतं. म्हणजे इतकी वर्षं मी त्या पिवळेपणात खपून गेलो होतो. काच निघाली आणि चोर पकडला गेला.

आता तुला ठाऊक आहे, तिची नजर मंद झाल्यापासून सहा वर्षं रोज संध्याकाळी खिडकीशी बसून मी तिला कविता वाचून दाखवत होतो. आपल्या शाळेची ती जुनी पुस्तकं, कोपरे कुरतडलेली, तुझ्या शाईच्या ठशांसकट. त्या प्रश्नानंतर माझं तोंडच उघडेना. पुस्तक नाकापर्यंत वर धरून वाचू लागलो, मग ओठ मिटून वाचू लागलो (कविता ओठ मिटून वाचली की सर्दी झाल्यासारखी वाटते), आणि शेवटी घसा बसला असं सांगून वाचन बंदच केलं. पाचव्या दिवशी तिने डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख फोन करून परस्पर पुढे ढकलली. मी विचारलं तर म्हणाली, "एक डोळा उघडला तर घरातलं वाचन बंद पडलं. दुसरा उघडल्यावर काय बंद पडेल? राहू दे तो तसाच." डॉक्टर तर सांगत होते, डावा जास्त पिकलाय, फार थांबू नका. टोलेराव, तेव्हा मला प्रथम घाबरायला झालं. माझ्या चहाच्या डागांपायी बाईचा डोळा जायची वेळ आली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासून (तीनदा) दातांच्या डॉक्टरणीकडे गेलो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिचा दवाखाना. जिना चढताना खालून सगळ्या घड्याळांची टिकटिक येते, म्हणजे किती आयुष्य उरलंय ते मोजतच माणूस वर पोचतो. डॉक्टरीण माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी असेल. मी शाळेत मास्तरांसमोर उभा राहायचो तसा उभा राहिलो आणि म्हणालो, दात पांढरे करून हवेत, बायकोच्या डोळ्यासाठी. ती मुळीच हसली नाही. हा तिचा पहिला उपकार.

मग तिने मला सगळं नीट सांगितलं, आणि माझी मुळात ऐकायची इच्छा होती हे तुला शपथेवर सांगतो. दाताच्या बाहेर कठीण, काचेसारखं कवच असतं, त्याच्या आत जन्माचाच पिवळसर थर. वय वाढलं की कवच झिजतं आणि आतला पिवळा बाहेर डोकावतो. शिवाय कवचाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यांत चहा, कॉफी, तंबाखू वर्षानुवर्षं मुरत जातात. वरवर घासून ते निघत नाहीत. त्यावर पेरॉक्साईडचं जेल लावतात. त्यातला प्राणवायू मोकळा होऊन छिद्रांतून आत शिरतो आणि रंगाचे मोठे कण फोडून बारीक करतो, की मग ते रंगीत दिसत नाहीत. म्हणजे डाग खरवडून काढायचा नाही, त्याला आतल्या आत विरघळवायचं. मला हे फार आवडलं. आपल्या मराठीच्या सरांची शिक्षा करायची पद्धत हीच होती.

पण इथेच तिने छोट्या छोट्या दातांची एक पट्टी माझ्यापुढे धरली. माझ्या दातांचा रंग कोणता ते जुळवून पाहायला, एका काडीवर एक दात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने. ती रांग पाहिली मात्र, माझं लक्ष उडालं. मला सरांची कविता आठवली, ती पुस्तकात नसलेली, त्यांनी स्वतः रचून फळ्यावर लिहिलेली. त्या दिवशी व्हरांड्यात मी तीच घोकत होतो:

उडून गेली बगळ्यांची रांग,
एक राहिला, का ते सांग.

तिसरी ओळ ओठावर होती आणि तुझा टोला बसला. पुढच्याच आठवड्यात सरांची बदली झाली, फळा पुसला गेला, आणि त्या पुढच्या दोन ओळी माझ्या तोंडातून कधी बाहेर आल्याच नाहीत. मी खुर्चीत आडवा पडून त्या ओळी शोधत होतो. डॉक्टरीण काहीतरी विचारत होती, मी मान हलवत होतो. एक कागद पुढे आला, त्यावर सही केली. (सही कवीसारखी वळणदार आली, हे तेवढं आठवतं.)

पुढचं वर्णन थोडक्यात. गाल दोन्ही बाजूंनी ताणून धरणारं प्लॅस्टिकचं एक यंत्र तोंडात बसवलं, त्यामुळे मी जिवंतपणीच सापळ्यासारखा हसू लागलो. डोळ्यांवर नारिंगी चष्मा. हिरड्या भाजू नयेत म्हणून त्यांच्यावर लेप, मग दातांवर जेल, वरून निळा दिवा, पंधरा मिनिटं. ते पुसून पुन्हा जेल, पुन्हा पंधरा मिनिटं, असं तीनदा. मध्येच एखाद्या दातातून अशी कळ जायची की कुणीतरी आत शिरून टाचणी टोचावी. ती दोनएक दिवसांत थांबते आणि थांबलीही. दोन दिवस चहा, कॉफी, बीट, टोमॅटो काही नाही. फक्त दूध, दही, भात, केळं. मी इतकी पांढरी जेवणं जेवलो की स्वतःलाच बगळा वाटू लागलो.

त्या दिवशी काम झाल्यावर तिने आरसा दिला. टोलेराव, काय सांगू! एक एक दात उजळलेला, ताठ, परीट घडीचा. आणि बरोबर मध्ये, पुढच्या ओळीत, एक पिवळाधमक. तू फोडलेल्या दातावरची कॅप! अठरा वर्षांपूर्वी जुन्या डॉक्टरांनी ती बदलली तेव्हा माझ्या तेव्हाच्या चहाळलेल्या दातांशी रंग जुळवून बसवली होती. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "आजोबा, मी सांगितलं होतं ना? कॅपवर जेल चालत नाही. ते फक्त खऱ्या दातावर चालतं. तुम्ही मान हलवलीत, सहीसुद्धा केलीत." आणि कागद दाखवला. त्यात ते ठळक अक्षरात होतं, आणि खाली माझी वळणदार सही. चूक शंभर टक्के माझी. तरी त्या पोरीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, रंग दोन आठवड्यांत जरा खाली उतरून स्थिर होतो, मग त्याला जुळणारी नवी कॅप बसवू. हा तिचा दुसरा उपकार.

मी रुमाल तोंडाला लावून घरी आलो. तुझी बहीण दारातच होती. म्हणाली, हात काढा. मी काढला नाही. तिने काढला. डावा डोळा मिटून उजव्याने पाहिलं, मग उजवा मिटून डाव्याने. मग हसायला लागली. अशी हसली, की बसायला खुर्ची पुढे ओढावी लागली. आणि हसता हसता, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एक राहिला, का ते सांग!"

चौसष्ट वर्षांपूर्वी मला रक्तबंबाळ तोंडाने तू तुमच्या घरी ओढत नेलंस तेव्हा मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन हीच आली होती. चूळ भरता भरता मी त्या पहिल्या दोन ओळीच बोबड्या बोलत होतो म्हणे. त्या तिने तेव्हापासून जपून ठेवल्या होत्या, आणि मला याचा पत्ता नव्हता. मी नव्या कॅपचं सांगितलं. ती म्हणाली, "काही नको. बाकीची सगळी मंडळी नवी आहेत, तेवढा एकच ओळखीचा आहे. राहू दे त्याला."

त्या संध्याकाळी मी पुस्तक मांडीवर ठेवून, पूर्ण तोंड उघडून वाचलं. म्हणून टोलेराव, डॉक्टरणीचे आभार, डोळ्यांच्या डॉक्टरांचे आभार, दुधाचे आणि केळ्यांचे आभार, आणि सर्वांत जास्त तुझ्या त्या टोल्याचे. तो जरा डावीकडे बसला असता तर मी तुमच्या घरी आलोच नसतो.

तुझा,
बाकावरचा डावीकडचा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तिने डाव्या डोळ्यासाठी येत्या गुरुवारची तारीख घेतली आहे, पण एका अटीवर: आदल्या संध्याकाळी तिला ती कविता पुरी ऐकायची आहे. पुढच्या दोन ओळी मला काही केल्या आठवत नाहीत. त्या दिवशी जवळ दुसरं कुणीच नव्हतं, तू सोडून. उलट टपाली पाठव. डोळ्याचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा : वर चहाबद्दल जे लिहिलं ते पहिल्या दोन दिवसांपुरतं. सध्या तीन कप होतात. तुझ्या बहिणीचा उजवा डोळा स्वयंपाकघरात असतो तेव्हा.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तोच दारावर थाप पडली. कडी काढली तर दारात तू! (आता तू आत बसला आहेस, तरी पत्र अर्धं ठेववत नाही.) हातात पिशवी, आणि तुझ्या बहिणीचं पत्र. नव्या डोळ्याने तिने पहिलं पत्र तुला लिहिलं होतं, मला न सांगता! आतून तिने ओरडून विचारलं, "दादा, ओळी आणल्यास का?" तू कानाशी हात नेलास. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा तू म्हणालास, "मला कुठल्या ओळी येणार? मी तर घंटा वाजवत होतो!" आणि मोठ्याने हसलास, हातबित न लावता, पूर्ण तोंड उघडून. चार वर्षांत आपण भेटलो नव्हतो. टोलेराव, आत सगळा अंधार, दातांची रांग उडून गेलेली, आणि पुढे, बरोबर मधोमध, एक राहिला.