‘आमचे’ की ‘आपले’

३ मार्च २००८, सोमवार. सकाळी ७.
पुतण्या प्रफुल याने तंटामुक्ती समितीला दिलेल्या अर्जाची झेरॉक्स वाचली. वस्तुस्थिती तशी नाही. ‘दोन भावांत दहा वर्षांपासून भांडण’ हे असत्य. भांडण नाही, मतभेद आहे. दहा वर्षेही नाहीत. नऊ वर्षे चार महिने. माझा धाकटा भाऊ श्रीहरी वनखात्यातून निवृत्त होऊन एटापल्लीहून आरमोरीस परतला, तेव्हापासून.
ऱ्हस्वदीर्घाच्या चुका एकोणीस. सर्वांत गंभीर वाक्य: ‘आमच्या घराच्या समोरच्या खोल्यांत मोठेबाबा एकटे राहतात.’ घर वडिलांनी दोघा भावांच्या नावे ठेवले. ‘आमच्या’ म्हटले की मी वगळला जातो. ‘आपल्या’ हवे.
मागणी साधी आहे. मागच्या दोन खोल्या श्रीहरीच्या नावे झाल्या, की ग्रामपंचायत तेथे संडास मंजूर करील. त्याची पत्नी ठमाबाई यांचा गुडघा गेला आहे. पहाटे बांधापर्यंत चालवत नाही. मी सही करण्यास सिद्ध आहे. कागद मात्र शुद्ध असावा. भीमजयंतीपूर्वी निकाल लावीन.

१० मार्च.
श्रीहरीने समजुतीचा कागद आणला. लाल शाईने तपासला. चुका बावीस. परत दिला. श्रीहरी म्हणाला, “भाऊ, सही मागून राह्यलो, मार्क नाई.” ‘राहिलो’ म्हणावे, असे सुचवले. तो हसला नाही. पूर्वी हसत असे.

२६ मार्च.
दुसरा कागद. चुका अकरा. प्रगती आहे. ‘आमचे’ कायम. प्रफुलचे म्हणणे, “मोठेबाबा, घर तुमचं बी हाय, आमचं बी हाय. मंग आमचं लिवलं त काय बिघडलं?” आम्ही आणि आपण यांतील भेद पाऊण तास समजावला. त्याने तीन वेळा घड्याळ पाहिले. वेळेचे भान असणे चांगले.
आतून ठमाबाईंचा आवाज आला. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलण्याची रीत नाही, म्हणून भिंतीला सांगितले: “गुडघ्याले व्याकरण समजत नाई म्हना.”
उद्या सही करतो.

९ एप्रिल. सायंकाळी.
समितीची बैठक. कागद मीच लिहून नेला. निर्दोष. अध्यक्ष सुकलूभाऊ मोठ्याने वाचू लागले: ‘आपल्या घराच्या मागील दोन खोल्या...’ आणि थांबले. “गुरुजी, आपल्या मंजे माह्याबी का? मंग एक खोली मले द्या.” सभा हसली. श्रीहरीही हसला.
समितीस उद्देशून ‘आपल्या’ लिहिल्यास समिती समाविष्ट होते. नियम माझाच. सुकलूभाऊ म्हणाले, “मजाक केली गुरुजी, करा सही.” सदोष मजकुराखाली सही करता येत नाही. कागद मागे घेतला. बैठक एकंदरीत यशस्वी. आता भीमजयंती नव्हे, महिनाअखेर.

१९ एप्रिल.
श्रीहरी दारात उभा राहून म्हणाला, “बाई पडली.” बांधावर, पहाटे. आदरार्थी ‘पडल्या’ हवे होते. बोललो नाही. दवाखान्यात जाऊन आलो. पायाला प्लास्टर. ठमाबाईंनी पदर पुढे ओढला आणि खिडकीकडे पाहत राहिल्या. मीही थोडा वेळ खिडकीकडे पाहिले.
रात्री जेवण केले नाही. कागद नव्याने घेतला. ‘आमचे’ नको, ‘आपले’ नको. ‘उभयतांचे घर’ सुचले. समाधान वाटले. मग आठवले, उभयता हा शब्द नवराबायकोस रूढ आहे. खोडला.

६ मे. दुपारी ४.
श्रीहरीने दोन ओळींचा कागद दिला. ‘घर तुमचे. मागच्या खोल्यांवर हक्क सांगणार नाही.’ खाली सही, तारीख. दोनदा वाचला. एकही चूक नाही.
प्रफुलने गडचिरोलीत भाड्याची खोली पाहिली आहे. संडास आतच आहे. मेटॅडोर दारात होता. ठमाबाईंना खुर्चीसकट चढवले. मी सांगितले, पाच मिनिटे थांबा, आत्ता सही करतो, कसाही कागद द्या. प्रफुल म्हणाला, “कागद नाई आता मोठेबाबा.” श्रीहरी म्हणाला, “येतो भाऊ.” निघताना ‘येतो’ म्हणतात. अर्थाने ‘जातो’ बरोबर.
मतभेद मिटला.

८ मे.
मागच्या खोल्या झाडून घेतल्या. चूल थंड होती. समितीच्या नोंदवहीसाठी अर्जातील तारखा दुरुस्त करून ठेवतो.
घर बांधून पूर्ण: अर्जात १९६१. खरे, ९ एप्रिल १९६२.
श्रीहरी परतला: अर्जात उन्हाळा १९९८. खरे, ३ नोव्हेंबर १९९८.
खोल्या नावे करण्यासाठी त्याने प्रथम सही मागितली: अर्जात तारीख नाही. खरे, ५ नोव्हेंबर १९९८.
मतभेद मिटला: ६ मे २००८, असे मीच वर लिहिले आहे. तारीख बरोबर आहे. वाक्य खोडावे.