छपरावरच्या सोळा सळया

मी, तोकाशिकी सेइजुन, वय चौऱ्याऐंशी, धंद्याने गवंडी, राहणार इतोमान, ओकिनावा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर मी १९७४ साली बांधले. आमच्या रिवाजाप्रमाणे चारही खांबांच्या चार-चार सळया छपरावर उघड्या ठेवल्या, मुलगा सेइको पुढे वरचा मजला चढवील म्हणून. तो ओसाकाला गेला आणि तिकडचाच झाला. पंचेचाळीस वर्षे पाऊस आणि खारा वारा त्या सळयांवाटे आत उतरला. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, हे मी गावभर सांगितले; स्वतःच्या घरी मात्र सळयांना हात लावू दिला नाही. मुलगी नात्सुए म्हणायची, "बाबा, दादा येईल तेव्हा येईल, स्लॅब आधी डोक्यात येईल!" मी तिच्यावर खेकसायचो. गेल्या वादळात तिच्या बसायच्या जागी ताटाएवढा ढलपा पडला. ती चुलीपाशी होती म्हणून वाचली.

सबब घर आणि देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्या नात्सुएला. पाट्या लेकीकडे जात नाहीत, असे नातलग म्हणतील. खुशाल म्हणोत. तीस वर्षे उदबत्ती कोण लावते, ते पूर्वजांना ठाऊक आहे.

२. बँकेतली शिल्लक दुरुस्तीला. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत खोदावे, गंज घासून काढावा, मगच भरावे. वरून नुसता रंग फासू नये. वाळू जिभेवर ठेवून पाहावी. खारट लागली तर परत पाठवावी. सळईवर तीन बोटे काँक्रीट हवे, आणि आठवडाभर पाणी मारावे.

३. माझी हातोडी नात्सुएला. वर्षातून एकदा भिंती ठोकून पाहाव्यात. भद्द आवाज आला तर आत पोकळ आहे.

४. कंत्राटदार मियाराने जन्मभर मालात पाणी जास्त घातले आणि माझ्या नावावर भेगा पाडल्या. त्याला माझी अवामोरी दारूची बरणी द्यावी. एकदा तरी पाणी न घालता घ्यावी.

५. सर्व सळया कापून टोके बुजवावीत. एक तुकडा सेइकोला पाठवावा. रागाने नव्हे. त्याची वाट पाहतो, हे मी त्याला कधी बोललो नाही.

पहिली सळई आज सकाळी साक्षीदारांदेखत मीच कापली. जिन्यावर नात्सुएने मागून धरले होते. सळई कापून बोटे आखडली आहेत, म्हणून सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे. पंधरा उरल्या.

तोकाशिकी सेइजुन
इतोमान, १२ मार्च २०१९

साक्षीदार:
कुनियोशी तात्सुओ, न्हावी
आराकाकी हात्सु, शेजारीण