हामूंगा सरांचा तास

८ सप्टेंबर

जपानहून येऊन तीनच दिवस झाले, आणि लगेच कामाला जुंपलं! तिथल्या प्रशिक्षणाच्या दीड महिन्यात शिकले ते एवढंच — शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसायचं, पाहायचं, मग सगळ्यांनी मिळून धडा सुधारायचा. पण आमच्या सिकालांगाच्या शाळेत पहिला वर्ग कोण उघडणार? शेवटी हामूंगा सरच म्हणाले, "या माझ्याकडे. या चोल्वेला मुळाक्षरं मीच शिकवलीत. तिला काय घाबरायचं!"

११ सप्टेंबर

सरांचा तास पाहिला. अपूर्णांक. चौऱ्याहत्तर मुलं. सर फळ्यावर लिहीत गेले, मुलं उतरवत गेली. तासभर एकानेही तोंड उघडलं नाही! मागची पोरं तर पेंगत होती. लहानपणी हाच माणूस मला केवढा मोठा वाटायचा.

दिसलं ते निरीक्षणाच्या पत्रकात लिहिलं. खोटं कशाला लिहू? सोमवारी एकत्र बसून धडा नव्याने बांधू.

१४ सप्टेंबर

बसणं राहिलंच. जिल्हा शिक्षण कार्यालयाने पत्रकं मागवली. पाठवली.

२९ सप्टेंबर

घात झाला! सरांची बदली. दोनशे किलोमीटरवर, खाली खोऱ्यात. कारण — 'अध्यापन असमाधानकारक.' खाली माझीच वाक्यं, जशीच्या तशी.

सरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

३० सप्टेंबर

कार्यालयात गेले. म्हटलं, साहेब, हे पत्रक मदतीसाठी होतं, शिक्षेसाठी नव्हे.

"सही तुमचीच ना, मॅडम?"

आणि वर — "नोव्हेंबरात जपानी पाहुणे येतायत. त्यांना काहीतरी सुधारणा दाखवायला नको?"

२ ऑक्टोबर

शेजारच्या वर्गाच्या मुलेया बाईंनी मला पाहून वर्गाचं दार आतून लावलं. "आली बघा, साहेबांची हेर!" — मला ऐकू येईल असं. आता कुणीच मला वर्ग उघडणार नाही. जेवताना मक्याच्या घट्ट एन्शिमाचं ताट घेऊन एकटीच बसले.

५ ऑक्टोबर

सरांच्या दारापर्यंत गेले. परत आले.

७ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत, सर समोर येऊन उभे राहिले. "तिथं खोऱ्यातल्या शाळेत मी एकटाच मास्तर. चुकलं तर सांगणारं कुणी नाही. जायला नऊ दिवस आहेत. चल पोरी, शिकव मला."

खडू घेतला. फळ्यावर लिहिलं — अपूर्णांक.