फाटकावरची झडती

मार्गशीर्ष शु. ६
सरकी काढायच्या जीनमध्ये कापूस लई आला. गाड्या परळीच्या बाजारापर्यंत उभ्या. संध्याकाळी नेहमीसारखे शेटजी आधी फाटकाशी. उपरणं झटकलं, कोटाचे खिसे उलटे करून पहाऱ्यावरच्या रहीमचाचांना दाखवले. मागून आम्ही बाया पदर झटकत बाहेर. मालकच झडती देतो, मग आपल्याला कशाची लाज.
हे जिवंत होते, जीनच्या इंजिनवर होते तेव्हा म्हणायचे, या माणसाकडं मान वर ठेवून काम करता येतं. शिट्टी झाली की अजून इंजिनघराकडं बघते.

शु. ९
शेवंताच्या पदरात मूठभर कापूस निघाला. "वैजनाथाच्या वातीपुरता घेतला हो चाचा." कापूस सापडला की अवसेपर्यंत काम बंद, हे सगळ्यांना ठाऊक. रडली नाही. घरचं कसं भागवणार, कोण जाणे.

शु. १४
शेटजींचा पुतण्या हैदराबादेहून कारभार शिकायला आलाय. बूट, घड्याळाची साखळी. झडती न देता गेला. माझ्या बाजूला काम करणारी गंगू म्हणाली, "मंग आमीच का झटकायचा?" तिनं पदर झटकला तो नावापुरता. मी पाहिलं.

वद्य ४, सोमवार
शेटजींच्या खिशातून कापूस निघाला.
ते स्वतःच चकित. "सकाळी वातीला घेतला, देवळात जायचंच राहिलं."
पुतण्या हसला. "काका, आपलाच कापूस. त्यात काय एवढं?"
शेटजी चाचांना म्हणाले, "शेवंतेला काय सांगितलंस?"
चाचा पुतण्याकडं बघू लागले.
"बोल की."
"अवसेपर्यंत येऊ नको म्हनलं."
"मग मलाबी तेच सांग."
शेटजींनी किल्ल्या पुतण्याच्या हाती दिल्या, बाहेर पडले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वद्य ५
शेटजी फाटकाबाहेर लिंबाखाली. आत पाऊल नाही. गाडीवाले तिथंच जाऊन रामराम घालतात, मग गाडी आत. शेवंता शेण वेचत होती. म्हणाली, "आता आपन दोघंबी बिनकामाचे, शेटजी."
"तू जुनी हायस. सांग, दुपार कशी काढायची?"
खूप दिवसांनी हसू आलं. घरी येऊन ह्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलंही. ह्यांचा फोटो घरात नाही, म्हणून भिंतीला.

वद्य ७
पुतण्या फाटकात उभा. "चला, पदर झटका."
कुणी हललं नाही. गंगू म्हणाली, "आधी तुमी, धाकले मालक."
"मी? ज्यांना झटकायचा नाही, त्यांनी उद्या येऊ नये."
हे काम गेलं तर मला भावाच्या दारी जावं लागेल. भावजयीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. हात पदराकडं गेला, मीच मागं घेतला.
चाचा पुतण्यापुढं जाऊन उभे राहिले, शेटजींची झडती घेताना राहतात तसे. त्याचा हात कोटाच्या गुंडीपर्यंत गेला. तिथंच थांबला. मग वळून कचेरीत गेला, दार लावलं.
लिंबाखाली शेटजी उभे राहिले होते. आत आले नाहीत. आम्ही एकेक बाहेर पडलो आणि त्यांच्याकडं तोंड करून पदर झटकला. गंगूनं तर दोनदा. कुणाच्याच पदरात काही नव्हतं.
उद्या आत घेतील का, माहीत नाही. भाकरी थापून ठेवली आहे. शिट्टीला जाणार.